भर दुपारी अर्धी रात्र

अकरावीला फोटोसिंथेसिसचा धडा संपत आला की मी दरवर्षी थोडी पुस्तकाबाहेर जाते. समुद्रात राहणाऱ्या एका इवल्याशा बॅक्टेरियाबद्दल सांगते, त्याला लागणाऱ्या विषाणूबद्दल सांगते, आणि तो विषाणू आत शिरल्यावर त्या पेशीचं काय काय होतं ते फळ्यावर काढून दाखवते. परीक्षेला यातलं काही येत नाही, त्यामुळे अर्धी मुलं तोवर दप्तर आवरायला लागलेली असतात. यंदा चित्र काढून झालं, मी हाताचा खडू झटकत होते, आणि खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीला ‘येस मॅडम’ सोडून काही बोलत नाही, तिने हात वर केला. म्हणाली, ‘‘मॅडम, म्हणजे ती पेशी ऊन घेतेय, काम करतेय, पण स्वतःसाठी काहीच करत नाहीये. मग ती पेशी आता कुणाची?’’ तेवढ्यात बेल झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला उत्तर दिलं, पेशीचा डीएनए कुठला, विषाणूचा कुठला, कुठलं प्रोटीन कुणाच्या जनुकावरून बनतं वगैरे, आणि तिने ते वहीत लिहूनही घेतलं. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतंच, हे तिलाही कळलं आणि मलाही. तेव्हापासून भाजी निवडताना, पेपर तपासताना, कुठेही, तो प्रश्न मध्येच डोकं वर काढतो.

मग ती पेशी कुणाची?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी गोव्याला होते. मांडवी आणि झुआरीच्या मुखापाशी जाऊन पाण्याचे नमुने आणायचे, त्यात ग्लुटारल्डिहाइड टाकायचं (तो वास एकदा नाकात बसला की रात्रीच्या जेवणापर्यंत जात नाही), मग ते पाणी अगदी बारीक भोकांच्या फिल्टरमधून गाळायचं आणि फिल्टरवर जे राहील ते फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं, असं ते काम. खोली पूर्ण अंधारी. बाहेर रणरणतं ऊन आणि आत एसीची घरघर, डोळा सरावायला वेळ लागायचा. आणि मग ते दिसायचे. सिनेकोकॉकस. रंग न लावताच, स्वतःच्याच रंगद्रव्यामुळे झगझगीत केशरी दिसणारे ठिपके. जरा पाणी आत येऊन नितळ झालं की केशरी ठिपके वाढायचे, पावसाळ्यात नदीचा गाळ आला की कमी व्हायचे. मला ते बघायला इतकं आवडायचं की मोजणी संपली तरी मी आयपीसला डोळा लावून बसायचे. एक दिवस लॅबमधल्या सीनियर ताईने त्याहून बारीक भोकांचा, ०.०२ मायक्रॉनचा फिल्टर घेतला, सायबर ग्रीन नावाचा डीएनएला चिकटणारा रंग लावला आणि म्हणाली, आता बघ. बॅक्टेरिया हिरवे, ठळक दिसत होते. पण त्यांच्या आजूबाजूला, मधल्या ज्या जागा मी आजवर रिकाम्या समजत आले होते, तिथे हिरवी भुकटी पसरलेली होती. एकेक कण जेमतेम दिसेल न दिसेल असा. ते विषाणू.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं, एवढं नक्की आठवतं.

खरं म्हणजे जगालाही हे फार उशिरा कळलं. समुद्रात विषाणू असतात हे माहीत होतं, पण किरकोळ असतील अशीच समजूत होती, कारण मोजायची पद्धत म्हणजे प्रयोगशाळेत एखादा बॅक्टेरिया वाढवायचा आणि त्याला मारणारे किती सापडतात ते बघायचं. समुद्रातले बहुतेक बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, मग त्यांचे विषाणू कुठून सापडणार? १९८९ साली नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या लोकांनी, ओइविंद बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाणी थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि सरळ कण मोजले. एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत. आता सर्वसाधारण हिशोब असा धरतात की समुद्राच्या वरच्या थरातल्या एका मिलिलिटर पाण्यात एक कोटीच्या आसपास विषाणू असतात, बॅक्टेरियांच्या साधारण दहापट, आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनापैकी पाचवा हिस्सा ते रोज मारतात. रोज. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हणते, कारण पहिल्यांदा ते मुलांच्या कानावरून जातं.

घरी हे बोलायची सोय नव्हती काही वर्षं. २०२० नंतर ‘व्हायरस’ हा शब्द घरात काढला की आईचा चेहराच बदलायचा, आमच्या आळीतली माणसं गेली होती त्यात. परवा मात्र ती बांगडे साफ करत होती, मी शेजारी ओट्याला टेकून उभी होते, आणि त्या मुलीचा प्रश्न डोक्यात होता म्हणून मी सहज सुरू केलं. आईचं पहिलं वाक्य अपेक्षित तेच, ‘‘समुद्रात पण व्हायरस? मग मासे आणायचे की नाहीत आता?’’ म्हटलं, अगं आई, हे वेगळे. हे बॅक्टेरियालाच लागतात, तेसुद्धा ठरावीक बॅक्टेरियाला, बांगड्याला नाही आणि आपल्याला तर नाहीच. आपण लहानपणापासून इथे रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर डुंबताना तोंडात गेलेलं पाणी घोटघोट प्यायलोय, त्यातून किती कोटी पोटात गेले असतील. तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण ती ऐकायला लागली. आणि आई ऐकायला लागली की माझं सांगणं वर्गातल्यापेक्षा बरं होतं.

तर मी तिला सांगितलं ते असं. भर समुद्रात, किनाऱ्यापासून लांब, जिथे पाणी नुसतं निळंशार असतं आणि बघणाऱ्याला वाटतं इथे काही जगत नसेल, तिथे प्रोक्लोरोकॉकस नावाचा एक बॅक्टेरिया राहतो. आमच्या गढूळ किनाऱ्याजवळ तो फारसा नाही, इथे त्याचा भाऊबंद सिनेकोकॉकस. प्रोक्लोरोकॉकस एका मिलिमीटरमध्ये दीड हजारभर ओळीने मावतील एवढा. एमआयटीच्या सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तो जगासमोर आणला, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर १९ वर्षांनी आपल्याला समजलं की पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्यांमध्ये संख्येने सगळ्यात जास्त कोण आहे. वडपिंपळ नाही, गवत नाही, भात नाही, हा. तो उन्हावर जगतो. सूर्याची ऊर्जा धरतो आणि तिच्या जोरावर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून साखर बनवतो. आणि त्याला विषाणू लागतो.

विषाणू म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते म्हणजे आत घुसणं, स्वतःच्या प्रती काढणं आणि पेशी फोडून बाहेर पडणं. जणू मधल्या काळात पेशी म्हणजे नुसतं पोतं, त्यात काय भरलंय याच्याशी विषाणूला देणंघेणं नाही. मीही एमएस्सीला असंच शिकले. पण २००३ मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या निकोलस मान यांच्या गटाने सिनेकोकॉकसच्या एका विषाणूचा डीएनए वाचला, आणि त्यात त्यांना चक्क प्रकाशसंश्लेषणाची जनुकं सापडली. वॉरिक विद्यापीठ इंग्लंडच्या ऐन मध्यात आहे, समुद्र चारी बाजूंनी लांब, याचं मला उगाच कौतुक वाटतं. विषाणू स्वतः ऊन खात नाही. त्याला अंग नाही, रंग नाही, खायला तोंड नाही. त्याच्या डीएनएमध्ये जागा किती कमी, तिथे एकेक जनुक बाळगणं परवडायला हवं. मग उन्हाचं जनुक तो कशाला सांभाळतो?

उत्तर समजायला एक प्रोटीन जवळून बघावं लागतं. त्याचं नाव डी-वन. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेच्या अगदी गाभ्यात ते बसलेलं असतं, जिथे उन्हाच्या जोरावर पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढले जातात. एवढं जबरदस्त काम ज्या जागी चालतं ती जागा सारखी भाजून निघणारच. ऊन ज्याला ऊर्जा देतं त्यालाच ते तोडतंही, आणि कडक उन्हात तर डी-वन अर्ध्या-पाऊण तासात निकामी होतं. पेशी ते सतत काढून टाकते आणि नवं बनवून तिथे बसवते, दिवसभर, सूर्य मावळेपर्यंत हेच. झाडांच्या पानांतही हेच चालू असतं, आपल्या अंगणातल्या जास्वंदीच्या पानातही आत्ता. आता यात विषाणू आला. आला की तो पेशीची स्वतःची जनुकं वाचणं बंद पाडतो, पुढे तर तिच्या डीएनएचे तुकडेच करतो. म्हणजे नवं डी-वन बनणं थांबलं. जुनं उन्हाने तुटतंय, बदली काही येत नाही, थोड्या वेळात ऊर्जा मिळणंच बंद. आणि विषाणूला आत शिरल्यापासून पेशी फोडून बाहेर पडेपर्यंत आठ-नऊ तास हवे असतात. तेवढा वेळ चूल पेटती राहायला हवी. म्हणून तो डी-वनचं जनुक सोबत घेऊन येतो. २००५ मध्ये डेबी लिंडेल आणि चिझम यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक नुसतं शोभेला नाही, विषाणू लागलेल्या प्रोक्लोरोकॉकसमध्ये त्यावरून खरोखर प्रोटीन बनतं. ज्या विषाणूवर त्यांनी हे केलं त्याचा सगळा डीएनए जेमतेम ४५ हजार अक्षरांचा. त्यात त्याने या जनुकाला जागा दिलीय. पुढच्या वर्षी तीसेक सागरी विषाणू तपासले तेव्हा ८८ टक्क्यांमध्ये हे जनुक निघालं.

इथपर्यंत आई म्हणाली, ‘‘म्हणजे चांगलंच करतो की तो. दुरुस्ती करतो.’’

मलाही पहिल्यांदा वाचताना असंच वाटलं होतं, क्षणभर का होईना. पण पुढचा भाग आहे, आणि तो खरा विलक्षण आहे. प्रकाशसंश्लेषणाचे दोन भाग आपण शाळेत पाठ करतो. पहिल्या भागात उन्हाची ऊर्जा धरायची, दुसऱ्या भागात, ज्याला कॅल्व्हिन चक्र म्हणतात, ती ऊर्जा वापरून कार्बनची साखर करायची. पहिल्याला उजेड लागतोच. दुसरा दिवसाच चालतो पण तो बंद करायचं बटण पेशीकडे वेगळं असतं, सीपी-१२ नावाचं एक छोटं प्रोटीन. सूर्य मावळला की सीपी-१२ कॅल्व्हिन चक्रातल्या दोन महत्त्वाच्या एन्झाइमांना धरून ठेवतं, चक्र थांबतं, आणि पेशी रात्रीच्या कामाला लागते. दिवसा साठवलेली साखर दुसऱ्या वाटेने मोडायची, तिला पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणतात, त्यातून थोडी वापरायजोगी ऊर्जा काढायची आणि पाच कार्बनच्या साखरा करायच्या. हे रात्रीचं काम. आता विषाणूकडे काय काय आहे बघा. डी-वनचं जनुक आहे, ते दिवसाचं. त्याच्याच शेजारी अनेक विषाणूंमध्ये सीपी-१२ चं जनुक आहे, ते रात्रीचं. आणि पेंटोज फॉस्फेट मार्गाला जोर देणारी जनुकंही आहेत, तीही रात्रीचीच. २०११ मध्ये ल्यूक थॉम्पसन आणि चिझम यांच्या गटाने हे सगळं जुळवून मांडलं. विषाणू लागलेल्या पेशीत ऊन पकडणं चालू राहतं आणि कार्बन घेणं बंद होतं. सूर्य डोक्यावर असताना पेशीच्या अर्ध्या भागात दिवस असतो आणि अर्ध्या भागात रात्र.

भर दुपारी अर्धी रात्र. कशासाठी? तर डीएनएसाठी. विषाणूला साखर साठवायची नाही, वाढायचं नाही, उद्याची बेगमी करायची नाही. त्याला फक्त स्वतःच्या प्रती हव्यात आणि प्रती म्हणजे मुख्यतः डीएनए. डीएनएच्या प्रत्येक कडीत पाच कार्बनची साखर असते, ती पेंटोज फॉस्फेट मार्गाने मिळते. ती साखर डीएनएच्या कामाची करून घ्यायला एनएडीपीएच नावाचं इंधन लागतं, ते उन्हाकडूनही मिळतं आणि त्या रात्रीच्या वाटेनेही. कॅल्व्हिन चक्र चालू असतं तर हेच इंधन त्याने खाल्लं असतं. म्हणून ते बंद. पेशीने स्वतःसाठी म्हणून जे जे कमावून ठेवलं होतं ते मोडायचं आणि उन्हाकडून येणारं नवं सगळं एकाच कामाकडे वळवायचं. यात काही गडबड नाही, नासधूस नाही. पेशी आजारी दिसत नाही. मी गोव्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत जे केशरी ठिपके बघत बसायचे त्यातले काही असे असणारच, आणि बाकीच्यांइतकेच झगझगीत.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, ‘‘म्हणजे कुळासारखंच झालं की गो.’’

माझी आजी, आईची आई, कुळाच्या घरातली. पावसात गुडघाभर चिखलात लावणी, मग बेणणी, मग कापणी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास खळ्यावर भात आलं की खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, माणूस मापं घेऊन हजर. अर्धेल. निम्मं भात तिथल्या तिथे जायचं, वर वेठीची कामं वेगळी. आजी सांगायची, शेत हिरवंगार दिसायचं हो, वाटेने जाणाऱ्याला वाटायचं काय सुखात असतील ही माणसं. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं, आणि आजीच्या घरात त्यानंतरही कित्येक वर्षं खोताच्या वाड्यासमोरून जाताना चपला हातात घेत होते म्हणे. आई हे सांगताना कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे ते जास्त लागतं. आईच्या त्या एका वाक्याने मला त्या मुलीचा प्रश्न पहिल्यांदा नीट कळला असं वाटतं. ती डीएनए कुणाचा विचारत नव्हती. जो राबतोय त्याचं राबणं त्याचं उरत नाही तेव्हा त्याला काय म्हणायचं, हे ती विचारत होती.

पण जितका विचार करते तितकं मला वाटतं की आईची उपमा एका जागी अडते, आणि ती जागा फार महत्त्वाची आहे. खोत रिकाम्या हाताने यायचा. नांगर कुळाचा, बैल कुळाचे, बी-बियाणंसुद्धा बऱ्याचदा कुळाचं. विषाणू हत्यारं घेऊन येतो, आणि चांगली, चालणारी हत्यारं. बरं, ती त्याला मिळाली कुठून? तर अशाच कुठल्यातरी पेशीकडून, कुणास ठाऊक किती लाख वर्षांपूर्वी. जनुकांचे क्रम शेजारी ठेवून बघितले तर दिसतं की डी-वनचं जनुक पेशींकडून विषाणूंकडे एकदाच गेलेलं नाही, वेगवेगळ्या वेळी गेलंय. आणि नुसतं गेलं असं नाही, तुकड्यातुकड्याने परतही आलंय. विषाणूत असताना बदललेला भाग पुढे एखाद्या वाचलेल्या पेशीच्या जनुकात मिसळलेला सापडतो. म्हणजे आज एखादा निरोगी प्रोक्लोरोकॉकस, ज्याला कसलाही विषाणू लागलेला नाही, तो ज्या डी-वनने ऊन पकडतोय त्याचा एखादा तुकडा कधीकाळी विषाणूच्या पोटात फिरून आलेला असू शकतो. काही ठिकाणच्या समुद्राच्या पाण्यात या जनुकाच्या जेवढ्या प्रती आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त विषाणूंच्या आहेत, पेशींच्या कमी. मग जनुक पेशीचं आणि विषाणूने चोरलं, हे म्हणणं कितपत टिकतं? मी वर्गात चोरी हा शब्द वापरते, मुलांना पटकन कळतं म्हणून. पण मनातून तो मला दरवर्षी थोडा कमी पटतो.

फॉस्फरसचंही असंच आहे. भर समुद्रातल्या निळ्या पाण्यात फॉस्फेट इतकं कमी असतं की पेशी त्यासाठी अक्षरशः वखवखलेल्या असतात, आणि डीएनएच्या प्रत्येक कडीला फॉस्फेट लागतं, म्हणजे विषाणूला तर ते पेशीपेक्षा जास्त हवं. पेशीकडे उपासमारीची एक सूचना-यंत्रणा असते, फॉस्फेट संपत आलं की ती जागी होते आणि पाण्यातून फॉस्फेट ओढणारी प्रोटीनं बनवायला लावते. काही विषाणू तशा प्रोटीनाचं स्वतःचं जनुक घेऊन येतात, आणि ते जनुक चालू कधी होतं? तर पेशीची तीच सूचना-यंत्रणा ओरडली की. पेशीला भूक लागलीय हे विषाणू पेशीच्याच तोंडून ऐकतो. पोटभर असलेल्या पेशीत तो हे जनुक फारसं वापरत नाही. २०१२ साली हे दाखवलं गेलं आणि मी ते वाचून बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. एवढी ओळख? आपल्या माणसांनाही आपली भूक इतकी नेमकी कळत नाही.

आणि हे फक्त उन्हावर जगणाऱ्यांपुरतं नाही. समुद्राच्या तळाशी उकळत्या झऱ्यांजवळ, जिथे सूर्यप्रकाशाचा लवलेश नाही, काही बॅक्टेरिया गंधकावर जगतात, त्यांच्या विषाणूंमध्ये गंधकातून ऊर्जा काढण्याची जनुकं सापडली, २०१४ साली. अमोनियावर जगणाऱ्या आर्कियांच्या (बॅक्टेरियासारखेच दिसणारे, पण वेगळ्या घराण्यातले एकपेशी जीव) विषाणूंमध्ये अमोनियाचं जनुक. जो ज्याच्यावर जगतो, त्याचा विषाणू तेच शिकून येतो. शिवाय एकाच बॅक्टेरियाला दोन निरनिराळे विषाणू वेगवेगळे लावून बघितले तर एकाच जातीच्या पेशी दोन अगदी निरनिराळ्या पद्धतीने वागायला लागतात, काय खायचं, काय मोडायचं, किती वेगाने, सगळंच बदलतं. दोन्ही मूळच्या पेशीसारख्या नाहीत आणि एकमेकींसारख्याही नाहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की विषाणू लागलेली पेशी म्हणजे आजारी पेशी असं धरूच नका, तो त्या काही तासांपुरता एक वेगळाच जीव आहे असं धरा. मला हे म्हणणं आवडतं, आणि त्याचवेळी ते मला थोडं निर्दय वाटतं, कारण त्यात मूळच्या पेशीला शोक करायलाही जागा उरत नाही. पण त्या मुलीला मी आता काही सांगितलं तर इथूनच सुरुवात करीन. त्या आठ-नऊ तासांत ती पेशी तिची नाही आणि पूर्ण विषाणूचीही नाही, कारण विषाणू एकटा असताना ना ऊन पकडू शकतो ना भूक ऐकू शकतो. त्या दोघांचं मिळून जे झालंय ते आधी नव्हतं आणि संध्याकाळी राहणार नाही.

वॉरिकच्या त्या विषाणूबद्दलची आणखी एक गोष्ट राहिली, ती मला नुसतीच आवडते म्हणून सांगते. तो अंधारात पेशीला चिकटत नाही. उजेड लागतो.

आता याचा आपल्याशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी जेट्टीवर जायला सांगीन. मिरकरवाड्याला होड्या निघायच्या आधी मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची सूचना येते. ती सूचना बनते उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि रंगावरून, म्हणजे पाण्यात क्लोरोफिल किती आहे त्यावरून. मासे शोधायला ते पुरतं आणि त्याचा लोकांना खरोखर फायदा होतो. पण क्लोरोफिलवरूनच आणखी एक मोठा हिशोब मांडतात, समुद्रातले प्रकाशसंश्लेषण करणारे जीव दरवर्षी किती कार्बन घेतात त्याचा. साधारण ५,००० कोटी टन. आता विषाणू लागलेल्या पेशीचं क्लोरोफिल तसंच असतं. ऊन पकडणं तसंच असतं. वरून बघणाऱ्याला ती हिरवी, कामसू पेशी दिसते, फक्त कार्बन ती घेत नाही. २०१६ मध्ये वॉरिकच्याच रिचर्ड पक्स्टी आणि सहकाऱ्यांनी सिनेकोकॉकसवर हे मोजून दाखवलं, प्रकाशाचं काम चालू आणि कार्बन घेणं बंद, आणि मग जगभरच्या समुद्रात यामुळे दरवर्षी किती कार्बन घ्यायचा राहून जातो याचा अंदाज काढला. तो अंदाज २ कोटी टनांपासून ५३९ कोटी टनांपर्यंत पसरलेला आहे. इतका रुंद, कारण कुठल्याही वेळी किती पेशींना विषाणू लागलेला असतो हे ठिकाणागणिक, ऋतूगणिक बदलतं. बहुतेक वेळा ते प्रमाण थोड्याच टक्क्यांचं असतं, पण रोजचं असतं, आणि समुद्र केवढा आहे.

मला वाटतं आपल्या अरबी समुद्रात हे मोजणं सगळ्यात निकडीचं आहे. पावसाळ्यात वाऱ्याने खालचं पाणी वर येतं, त्याबरोबर खत येतं, पाणी हिरवं होतं, मग ते सगळं मरून खाली जातं आणि कुजताना ऑक्सिजन संपवतं, त्यामुळे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत जवळजवळ ऑक्सिजनच नसलेला एक प्रचंड जाड थर कायम पसरलेला असतो. त्या थराच्या वरच्या कडेला, जिथे वरून अगदी पुसटसा निळा उजेड पोचतो, तिथेही प्रोक्लोरोकॉकस सापडतो, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात स्वतःपुरता ऑक्सिजन सोडत. उपग्रहाला तो दिसतही नाही, इतका खोल. त्यालाही विषाणू असणार, आणि तिथल्या विषाणूने कुठली हत्यारं बरोबर ठेवली असतील, इतक्या कमी उजेडात डी-वन फारसं तुटतच नसेल तर ते जनुक बाळगायचं त्याला काय कारण असेल, की त्याऐवजी दुसरंच काही असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. टारा नावाची फ्रेंच शिडाची नौका २००९ ते २०१३ जगभर पाणी गोळा करत फिरली, ती २०१० मध्ये अरबी समुद्रातही होती, आणि तिच्या नमुन्यांतून जवळजवळ दोन लाख विषाणूंचे डीएनए हाती आले, बहुतेक नवे. एकदा येऊन गेलेल्या बोटीवर मात्र भागत नाही. पावसाआधी, पावसात, पावसानंतर, हिवाळ्यात, वरच्या पाण्यातून आणि त्या खोल कडेवरून, वर्षानुवर्षं बाटल्या भरायला हव्यात. उपग्रहाच्या रंगाला जोडून बाटलीतला हिशोब हवा, पाण्यात कार्बन-१४, म्हणजे माग काढता येणारा किरणोत्सारी कार्बन, टाकून पेशींनी प्रत्यक्ष किती कार्बन घेतला तो, आणि त्याच बाटलीतल्या किती पेशींच्या आत विषाणू होता तो. गोव्यात दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, त्यासाठीची माणसं आहेत, विद्या आहे, समुद्र तर दारातच आहे. माझ्या वर्गातली ती मुलगी विचारत होती, बारावीनंतर नुसतं बायोलॉजी घेऊन काय करता येतं. तिला मी दोना पावलाचा पत्ता लिहून दिला आहे.